नाक्यावरचा ‘ओपन बार’ कसा हटवायचा? मोहल्ला समितीसाठी कामाची पद्धत

‘साहेब, आमच्या भागात दारुड्यांचा फार त्रास आहे.’ हे वाक्य घेऊन चौकीत गेलात तर चहा मिळतो, आश्वासन मिळतं आणि दोन दिवस पोलिसांची गाडी फेरी मारून जाते. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी स्वतः हे वाक्य दोन वर्षं बोललो. शेवटी एका बीट अंमलदारानं, म्हणजे आमच्या भागाची गस्त सांभाळणाऱ्या पोलिसानं, वैतागून विचारलं, ‘काका, नक्की कुठं? आणि किती वाजता?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळीकडे आणि रोज, एवढंच मला म्हणता येत होतं. पुढचं सगळं काम त्या एका प्रश्नातून निघालं.

मी पुण्याच्या मध्यवस्तीत राहतो. खाली दिलेली कलमं आणि कार्यालयं महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहराला लागू आहेत. अनुभव मात्र पेठेतला आहे. तुमच्या गावात एसटी स्टँडची मागची भिंत असेल, रेल्वे स्टेशनचा पूल असेल, नाहीतर नदीघाट असेल. पद्धत तीच.

पोलीस आणि मोहल्ला एका सतरंजीवर बसवण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरेश खोपडे भिवंडीत पोलीस उपायुक्त असताना त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. १९९२-९३ मध्ये शेजारी मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. तो विषय दंगलीचा होता, पण दारूच्या उपद्रवालाही तेच तीन घटक लागतात: एक ठरलेलं बीट, एक ओळखीचा पोलीस आणि महिन्यातून एक ठरलेली बैठक.

पायरी १ : माणसं जमवा, पण फक्त काका लोक नकोत

पाच ते सात जण पुरे. त्यात रात्री उशिरापर्यंत उघडं असलेल्या मेडिकलवाल्याला घ्या, रिक्षा स्टँडवरचा एक जण घ्या, आणि उशिराची ड्यूटी करून घरी येणारी एखादी बाई किंवा मुलगी हवीच. त्रास खरा तिलाच होतो आणि कुठल्या कोपऱ्यावर पावलं भरभर पडतात ते तिलाच माहीत असतं. गणेश मंडळाचा कार्यकर्ताही हवा. मंडळाच्या मांडवामागेच बैठक बसत असेल तर त्याची जरा पंचाईत होईल, पण त्याच्याशिवाय काम होणार नाही.

पहिल्याच बैठकीत एक गोष्ट ठरवून टाका: आपली तक्रार दारू पिण्याबद्दल आहे की दारू पिऊन रस्त्यावर होणाऱ्या उपद्रवाबद्दल? आमच्याकडे यावर दीड तास वाद झाला. एक आजोबा म्हणाले, ‘दारू म्हणजे दारू.’ त्यांचं मत त्यांच्यापाशी ठेवून आम्ही उपद्रव हा विषय घेतला, कारण पोलिसांना आणि महापालिकेला हात घालता येतो तो तिथेच.

पायरी २ : कायद्यातलं नेमकं बोट कुठे ठेवायचं

सगळं पाठ करायची गरज नाही. पण अर्जात योग्य कलम असलं की समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ हा मुख्य कायदा. त्यातलं कलम ८५ रस्त्यात किंवा सार्वजनिक जागी नशेत गैरवर्तन करणाऱ्याला आणि स्वतःला सावरता न येण्याइतकी नशा केलेल्याला लागतं. कलम ६८ परवाना नसताना लोकांना पिण्यासाठी जागा चालवणाऱ्याला, आणि कलम ८४ अशा जागी पिताना सापडणाऱ्याला. ही दोन्ही कलमं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधल्या ११० आणि ११२ या कलमांत सार्वजनिक जागेतलं असभ्य वर्तन आणि शांतताभंग येतो. शिक्षा कलम ११७ मध्ये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५५ खाली नशेत सार्वजनिक जागी उपद्रव करणाऱ्याला २४ तासांपर्यंत साधी कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. शिक्षा किरकोळ वाटेल, पण समाजसेवा ही तरतूद नवी आहे आणि मला तरी ती दंडापेक्षा बरी वाटते.

गाडी चालवणाऱ्यांसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि वयाचं : महाराष्ट्रात बिअरसाठी २१, कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. कॉलेजांच्या आसपासच्या भागात वयाचाच मुद्दा सगळ्यात जास्त कामाला येतो.

पायरी ३ : चौदा रात्रींची वही

ही पायरी कंटाळवाणी आहे. तीच टाळली की पुढचं सगळं वाया जातं.

साधी दोनशे पानी वही घ्या. सात रकाने आखा : तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, नेमकी जागा, साधारण किती जण, काय केलं, दारू कुठून आली. ‘नेमकी जागा’ म्हणजे ‘मंडईजवळ’ नव्हे. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबांवर क्रमांक रंगवलेले असतात. तो क्रमांक लिहा. क्रमांक पुसला असेल तर कुठल्या दुकानाच्या शटरसमोर, ते लिहा. ‘काय केलं’ या रकान्यात ‘धिंगाणा’ असं लिहू नका. बसून पीत होते, भिंतीवर लघवी केली, बाटली फोडली, येणाऱ्या मुलीला हाक मारली, एकमेकांची गचांडी धरली. जे दिसलं तेवढंच.

एक नमुना देतो. ‘शुक्रवार, ९.४० ते ११.१०. डीपी बॉक्सशेजारचा कट्टा, खांबावरचा दिवा बंद. सहा जण, मग नऊ. क्वार्टर समोरच्या वाईन शॉपमधून, ग्लास आणि पाणी भुर्जीच्या गाडीवरून. १०.५० ला दोघांत शिवीगाळ, एक बाटली रस्त्यावर फुटली.’ या पाच ओळींत पोलीस, एक्साइज (राज्य उत्पादन शुल्क विभाग) आणि महापालिका अशा तिघांचं काम नोंदलेलं आहे. ‘दारुड्यांचा त्रास’ या दोन शब्दांत कुणाचंच नव्हतं.

नोंद गॅलरीतून किंवा दुकानातून करा. जवळ जाऊन कुणाचा फोटो काढू नका. वहीत माणसांची नावं लिहायची नाहीत, गाडीचा नंबर फक्त धोका दिसला तरच. चेहरे टिपलेले व्हिडिओ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणारा एक तरी उत्साही सभासद असतोच. त्याला पहिल्याच दिवशी हात जोडा.

सकाळची नोंद वेगळी. झाडलोट करणाऱ्या महापालिकेच्या ताईंना विचारा. आमच्याकडच्या ताईंनी एका वाक्यात सांगितलं, ‘सोमवारी काच कमी, शनिवारी-रविवारी टोपलीभर, आणि शाळेच्या मागं चपट्याच चपट्या.’ रिकाम्या बाटलीचं लेबलही बघा. ‘फक्त गोवा राज्यात विक्रीसाठी’ असं छापलेलं असेल तर ती बाटली समोरच्या परवानाधारक दुकानातली नाही; चोरटी दारू आहे आणि ते सरळ एक्साइजचं प्रकरण आहे.

ही वही नुसती पेठेची हौस नाही. वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड नावाच्या शल्यविशारदाला दिसलं, की मारामारीत जबडा फुटून रुग्णालयात येणाऱ्या बऱ्याच जणांची पोलिसांकडे नोंदच नसते. मग रुग्णालयानं नावं वगळून एवढंच टिपायला सुरुवात केली : मारामारी कुठे झाली, केव्हा, कशानं. ती माहिती पोलिसांना आणि नगर परिषदेला मिळू लागली आणि गस्त योग्य पबसमोर, योग्य वेळी उभी राहिली. ‘कार्डिफ मॉडेल’ म्हणून ती पद्धत पुढे इतर देशांतही गेली. आपल्याकडे रुग्णालयाकडून अशी माहिती मिळणं अवघड आहे, पण रात्री मेडिकलमध्ये पट्टी आणि टिंक्चर घ्यायला कोण कुठून येतं हे मेडिकलवाल्याला ठाऊक असतं. म्हणून त्याला समितीत घ्या म्हटलं.

चौदा रात्रींनंतर वही उघडा आणि कागदावर भागाचा ओबडधोबड नकाशा काढून टिंबं द्या. आमचा अंदाज होता पंधरा-वीस अड्डे असतील. टिंबं तीनच ठिकाणी दाटली होती. आणखी एक गोष्ट निघाली, जी आम्हाला थोडी लागली : ज्यांच्याविषयी आम्ही इतकी वर्षं कुरकुर करत होतो ते हमाल नऊ-साडेनऊला आटोपून निघून जात. साडेदहानंतरचा आरडाओरडा आणि फुटलेल्या काचा बहुतेक काचा वर केलेल्या मोटारींतल्या मंडळींच्या होत्या.

पायरी ४ : कुणाकडे काय मागायचं

चार दारं आहेत आणि चौघांच्या किल्ल्या वेगळ्या.

पोलीस ठाण्याकडे मागायचं ते ठरलेल्या वेळची गस्त आणि कारवाई. राज्य उत्पादन शुल्क विभाग, म्हणजे लोकांच्या तोंडचं एक्साइज, परवानाधारक दुकानं, वेळेनंतरची विक्री आणि चोरटी दारू बघतो. त्यांचा टोल फ्री क्रमांक १८०० ८३३ ३३३३. महापालिकेकडे दिवे, अतिक्रमण, कट्टे आणि स्वच्छतागृहं. जिल्हाधिकाऱ्यांकडे परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार आहे, दारूबंदी कायद्याच्या कलम ५४ खाली. शांततेला धोका असेल तर दुकानं बंद ठेवण्याचा आदेशही कलम १४२ खाली निघू शकतो. निवडणूक-विसर्जनाला निघतो तो तसाच.

स्वच्छतागृहाचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. आमच्या नोंदींत सगळ्यात जास्त वेळा आलेला उपद्रव भांडण नव्हता, भिंतीवरची लघवी होती. जवळचं सार्वजनिक स्वच्छतागृह रात्री दहाला कुलूपबंद व्हायचं. ते बारापर्यंत उघडं ठेवावं, असा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात दिला. तीन महिने लागले, पण झालं.

पायरी ५ : भुर्जीची गाडी

इथे जरा थांबतो, कारण मध्यवस्तीतल्या निम्म्या ‘ओपन बार’चं मूळ इथे असतं.

वाईन शॉपमध्ये बसून पिता येत नाही, ती फक्त विक्रीची जागा. परमिट रूममध्ये तीच क्वार्टर बरीच महाग पडते. मग माणूस वाईन शॉपमधून क्वार्टर घेतो आणि साठ पावलांवर अंडाभुर्जीची किंवा चायनीजची गाडी असते. तिथे प्लास्टिकचा ग्लास मिळतो, पाण्याचा पाऊच मिळतो, चखणा मिळतो. शेजारी तीन फुटांचा कट्टा असतो, टेबलाच्या उंचीचा. वरचा दिवा गेलेला असतो. झाला बार तयार, परवाना नाही, भाडं नाही. यातली एक वस्तू काढली तरी बैठक मोडते. दोन काढल्या तर बसतच नाही.

भुर्जीवाला मुद्दाम गुत्ता चालवत नसतो. अंडी विकून पोट भरतो आणि पिणारं गिऱ्हाईक तीन प्लेट खातं. म्हणून आधी त्याच्याशी बोला, तेही धंद्याच्या वेळेत नको, संध्याकाळी सहाला तो कांदा चिरत असताना. आमच्यातर्फे मंडळाचा कार्यकर्ता आणि मी गेलो. मी आल्या आल्या कलम ६८ काढलं. त्याचा चेहरा उतरला आणि त्यानं कांदा चिरणं थांबवलंच नाही. कार्यकर्ता हुशार. तो म्हणाला, ‘मामा, ग्लास द्यायचा बंद करा. एवढंच. पाणी जगमधून द्या, पाऊच नको. पिणारा आपोआप हलतो. उद्या पोलिसांच्या डीबी पथकानं गाडी उचलली तर सोडवायला आम्हीच येणार आहोत, पण मग हंगाम गेला ना तुमचा.’

त्यानं आठ दिवसांनी ग्लास बंद केले. त्याच आठवड्यात महापालिकेच्या विद्युत विभागानं खांबावरचा दिवा लावला. कट्ट्याचं काम आम्हीच केलं : परवानगी घेऊन वरचा सपाट भाग उतरता करून घेतला, म्हणजे त्यावर ग्लासही राहत नाही आणि बसताही येत नाही. गवंड्याचं एका दिवसाचं काम.

सांगूनही ऐकलं नाही तर मात्र ६८ आणि ८४ ची कारवाई पोलिसांकडे किंवा एक्साइजकडे लेखी मागा. ६८ चालवणाऱ्याला आणि ८४ पिणाऱ्याला, दोघांनाही लागतं. अशा प्रकरणांत न्यायालयं जागा चालवणाऱ्याला जास्त आणि पिणाऱ्याला कमी दंड करताना दिसतात. फेरीवाला प्रमाणपत्र असेल तर त्याच्या अटींचा भंगही महापालिकेला कळवता येतो. पण गाडीच उठवा, अशी पहिलीच मागणी करू नका. एकाची गाडी उठली की महिनाभरात दुसऱ्याची लागते आणि त्या नव्या माणसाशी ओळख पुन्हा शून्यापासून.

पायरी ६ : अर्ज असा लिहा

लांबलचक अर्ज कुणी वाचत नाही. एका पानात बसवा, वहीतला तक्ता सोबत जोडा आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. आमचा नमुना :

‘प्रति, वरिष्ठ पोलीस निरीक्षक. विषय : सार्वजनिक जागी मद्यपान व उपद्रव, तीन ठिकाणांबाबत. महोदय, सोबतच्या तक्त्याप्रमाणे १४ दिवसांत पुढील तीन जागी वारंवार मद्यपान, शिवीगाळ व काचा फोडण्याचे प्रकार घडले आहेत. सर्वाधिक प्रकार शुक्रवार ते रविवार, रात्री ९.३० ते ११.३० या वेळात आहेत. विनंती : (१) या वेळात बीट मार्शलची फेरी व्हावी, (२) दारूबंदी अधिनियमाच्या कलम ८५ तसेच महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली योग्य ती कारवाई व्हावी, (३) संपर्कासाठी बीट अंमलदार ठरवून द्यावा, (४) एक महिन्यानंतर आढावा बैठक व्हावी. दिवे व अतिक्रमणाबाबत महापालिकेस आणि विक्रीच्या वेळेबाबत राज्य उत्पादन शुल्क विभागास स्वतंत्र अर्ज दिला आहे.’

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. ‘हे आमच्या अखत्यारीत येत नाही’ हे उत्तर त्यानं आधीच बंद होतं.

महिना उलटून काही हाललं नाही तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा स्टॅम्प, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमात तशी मर्यादा आहे आणि ती ओलांडली म्हणून अर्ज परत येतात. एक्साइजला विचारा : या रस्त्यावरच्या परवान्यांची यादी, प्रत्येकाची मंजूर वेळ, गेल्या वर्षभरातल्या तपासण्यांच्या तारखा आणि नोंदवलेल्या नियमभंगांची संख्या. परमिट रूमचा परवाना एफएल-३, वाईन शॉपचा एफएल-२, देशीच्या किरकोळ दुकानाचा सीएल-३. हे क्रमांक लिहिलेत तर माहिती नेमकी येते.

पायरी ७ : दुकानदार आणि परमिट रूमवाल्यांबरोबर बैठक

ही बैठक पोलीस ठाण्यात, निरीक्षकांसमोर घ्या. हॉटेलात घेऊ नका. सूप येतं, स्टार्टर येतं आणि विषय राहून जातो.

मागण्या थोड्या आणि मोजता येतील अशा ठेवा. दुकान बंद होईपर्यंत समोरचा दिवा चालू राहील. कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडेही असेल. परमिट रूममध्ये शेवटची ऑर्डर बंद होण्याच्या अर्धा तास आधी घेतली जाईल, म्हणजे दीड वाजता सगळे एकदम रस्त्यावर ओतले जाणार नाहीत. जो आधीच टाइट आहे त्याला आणखी पेग नाही. गिऱ्हाईक गाडीची किल्ली चाचपत असेल तर वेटरनं रिक्षा विचारायची. आणि वय बघायचं, ओळखपत्र मागून बघायचं. १९ मे २०२४ला कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलाच्या पोर्शे गाडीनं दोन जणांचा जीव घेतल्यानंतर पुण्यातल्या पबवाल्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. काही महिने तरी लागला नव्हता.

एक नाजूक गोष्ट. परमिट रूमवाले गणपतीत मंडळाला मोठी वर्गणी देतात. ज्याची पावती फाडली त्याच्याविरुद्ध अर्जावर सही करताना हात जड होतो. आम्ही समितीचा खर्च, म्हणजे झेरॉक्स आणि चहा, स्वतःच्या खिशातून करतो आणि परवानाधारकांकडून एक रुपया घेत नाही. मंडळानं काय करायचं ते मंडळ बघेल.

पायरी ८ : फेरी, आणि फेरीत काय करायचं नाही

फेरी पोलिसांबरोबरच. किमान तिघे, त्यात एक बाई. काठी नाही, शिट्टी नाही, कुणाचं नाव-गाव विचारायचं नाही, कुणाची पिशवी तपासायची नाही. तो अधिकार आपला नाही आणि ढकलाढकली झाली तर गुन्हा आपल्यावर दाखल होतो.

बोलायची वेळ आलीच तर हातभर अंतर ठेवून, समोर न येता बाजूला उभं राहा. घोळक्याशी बोलू नका; त्यातल्या सगळ्यात कमी प्यायलेल्याला शोधा आणि त्याच्याशी बोला. ‘दादा, उशीर झाला, मित्राला रिक्षात बसवता का? मी बोलावतो.’ ‘इथं प्यायला लाज नाही वाटत?’ हे वाक्य मी पहिल्या फेरीत बोललो होतो. त्यानंतरचे दहा मिनिटं मी विसरू इच्छितो. हत्यार दिसलं, बाईला अडवलेलं दिसलं की बोलणं बंद, मागे सरा आणि ११२ ला फोन. आधी जागा सांगा, मग काय चाललंय, मग किती जण. तुमचं नाव शेवटी.

फेरीतल्या पुरुषांना पिणाऱ्या मुली तेवढ्या ठळक दिसतात, हाही अनुभव. परमिट रूममधून शांतपणे बाहेर पडून रिक्षा शोधणाऱ्या दोघी जणी हा उपद्रव नाही. त्यांना रिक्षा मिळेपर्यंत स्टँडवरच्या माणसानं लक्ष ठेवणं, हे समितीचं काम.

पायरी ९ : आडवा पडलेला माणूस

पुलाखाली पडलेला माणूस प्यायलेलाच असतो, हे गृहीत धरू नका. आमच्या भागात रविवारी सकाळी एक गृहस्थ पदपथावर पडले होते. तोंडाला लाळ, बोलणं तुटक. तीन जण नाक धरून पुढे गेले. पेपरवाल्या पोराला खिशात शुगरच्या औषधाच्या गोळ्यांची पाकिटं दिसली. मधुमेह होता, साखर उतरली होती.

म्हणून क्रम असा : हाक मारा, खांदा हलवा, श्वास बघा, डोक्याला मार आहे का बघा. श्वास चालू असेल आणि डोक्या-मानेला मार दिसत नसेल तर कुशीवर वळवा, डोकं किंचित मागे, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. लिंबूपाणी पाजू नका, उलटी करायला लावू नका, अंगावर गार पाणी ओतू नका. अंग गार, ओठ निळसर, श्वास फार संथ किंवा मध्येच थांबल्यासारखा, हलवूनही जाग नाही. यातलं एकही दिसलं तर लगेच १०८. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की हातपाय थरथरतात, भास होतात, फिट येते. तोही रुग्ण आहे, त्याची जागा कोठडी नव्हे, रुग्णालय.

काही चेहरे वहीत पुन्हापुन्हा येतात. त्यांच्यासाठी व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक १४४४६ आहे. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतं आणि दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाच्या बैठका बऱ्याच शहरांत भरतात. बैठकीचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी आम्ही देतो ती सकाळी, माणूस शुद्धीत असताना. रात्री दिलेल्या चिठ्ठीचा बोळा होतो.

पायरी १० : परवान्यावर घाला कधी घालायचा

लोक पहिल्याच दिवशी म्हणतात, दुकानच बंद करा. मार्ग आहे. २००८ च्या राज्य शासनाच्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी मागणी केली की सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतलं जातं. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला निम्म्याहून जास्त मतं पडली की दुकान बंद. यातल्या तपशिलांत बदल होत आले आहेत, म्हणून सह्या गोळा करण्याआधी सध्या लागू असलेल्या आदेशाची प्रत एक्साइजच्या अधीक्षक कार्यालयातून घ्या. सोसायटीच्या आवारात नवं दुकान येत असेल तर सोसायटीच्या ना-हरकत प्रमाणपत्राचा मुद्दाही मांडा. मार्च २०२५ मध्ये तशी घोषणा विधानसभेत झाली आहे.

अर्जात बरेच जण ‘महामार्गापासून ५०० मीटर’ असं ठोकून देतात. सर्वोच्च न्यायालयाचा तो आदेश डिसेंबर २०१६ चा. जुलै २०१७ मध्ये न्यायालयानंच स्पष्ट केलं, की तो महापालिका-नगरपालिका हद्दीतल्या परवान्यांना अडवत नाही. मध्यवस्तीत त्याचा उपयोग नाही, उलट अर्जाचं वजन कमी होतं.

माझं मत विचाराल तर बाटली आडवी करणं हा पहिला उपाय नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठवताना सरकारनं अवैध विक्रीचंच कारण पुढे केलं. एका रस्त्यावरचं परवानाधारक दुकान गेलं आणि बोळातून चपटी मिळू लागली, तर तिथे ना वेळ, ना कॅमेरा, ना निरीक्षक. दुकान वारंवार नियम मोडत असेल, लेखी पुरावा असेल, तर आधी कलम ५४ खाली निलंबन मागा. आठ दिवसांच्या निलंबनानं मालक जेवढा सुतासारखा सरळ येतो तेवढा मोर्चानं येत नाही.

पायरी ११ : पंचांग जवळ ठेवा

गटारी म्हणजे आषाढ अमावास्या, धुळवड, विसर्जन, ३१ डिसेंबर आणि दर महिन्याच्या पगाराचा पहिला शनिवार. या रात्रींसाठी पंधरा दिवस आधी ठाण्यात बैठक मागा. ड्राय डेची गंमत अशी, की त्या दिवशी रस्ता शांत असतो. आदल्या संध्याकाळी वाईन शॉपसमोर रांग आणि दुचाक्यांची कोंडी होते आणि ड्राय डेला बोळातली ब्लॅकची विक्री. गस्त आदल्या दिवशी मागा, छापा त्या दिवशी. नाताळ आणि ३१ डिसेंबरला अलीकडच्या वर्षांत परमिट रूमना पहाटे ५ पर्यंत मुभा मिळते. तेव्हा रात्री बाराची फेरी निरुपयोगी, चारची हवी. कुणी तयार होत नाही, म्हणून जानेवारीतच नावं ठरवून टाका.

पायरी १२ : अड्डा सरकला का?

तीन महिन्यांनी पुन्हा चौदा रात्रींची वही. तेच रकाने, त्याच जागा, आणि शेजारच्या दोन-तीन गल्ल्याही. डीपीजवळचा कट्टा मोकळा झाला म्हणून आम्ही पेढे वाटणार होतो. मेडिकलवाला म्हणाला, आधी शाळेमागची गल्ली बघा.

गेलो. खांबाचा क्रमांक पुसलेला, दिवा चालू, पण समोरच्या झाडाच्या फांदीनं झाकलेला. दोन मोटारी, काचा वर, आत उजेड. बॉनेटवर प्लास्टिकचे ग्लास. वेळ १०.२५. वहीत नवं पान घेतलं, वर ‘उद्यान विभाग : फांदी’ असं लिहिलं आणि सोमवारी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज टाकला.